बोटीच्या गाण्याचं तिसरं कडवं

सांगलीला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "नायगारा कसा होता?" मी सांगते, ओला होता. त्यावर लोकांचा चेहरा पडतो, पण माझा इलाज नाही. धबधबा मोठा आहे, पाणी वरून खाली पडतं, काठावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी आहे आणि चहा वाईट मिळतो. नायगाऱ्याबद्दल यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, कारण कॅनडात मी जे काही पाहिलं आणि ऐकलं, ते बहुतेक एका भिंतीशेजारी बसून. ही हकिगत त्या भिंतीची आहे.

माझे घरी पेटीचे क्लास असतात. यजमानांना थंडी सोसत नाही, म्हणून नोव्हेंबरात मी एकटीच निघाले, थोरल्या भावाकडे. दादा पन्नासएक वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून टोरांटोला गेला, विजेच्या खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाला. तिकडे विजेला हायड्रो म्हणतात. "हायड्रोचं बिल आलं" असं तो म्हणायचा तेव्हा मी बरेच दिवस समजत होते की ह्याला पाणी फारच लागतं. वहिनी जाऊन काही वर्षं झाली. मुलगी अश्विनी नॉर्थ यॉर्कला राहते. दादा स्कारबरोच्या जुन्या घरात एकटा असतो आणि आपलं सगळं उत्तम चाललंय असं फोनवर इतक्या वेळा सांगतो, की कुणालाही काळजी वाटावी.

स्कारबरो

दादाचं घर म्हणजे एका घराचे दोन तुकडे, मध्ये सामाईक भिंत. गाड्या लावायला दोघांत मिळून एकच ड्राइव्हवे. विमानतळावरून आम्ही आलो तेव्हा पुढच्या हिरवळीवर घर विकायला असल्याचा मोठा बोर्ड उभा होता आणि त्यावर घर विकणाऱ्या एका बाईचा दात दाखवणारा फोटो होता.

"दादा, घर विकतोयस? बोलला नाहीस ते."

"माझं नाही. तिचं," दादा म्हणाला आणि माझी बॅग उचलायला लागला. लहानपणी चोरून कैऱ्या खाऊन पोट दुखायचं, तेव्हा आई विचारायची काय झालं, आणि दादा म्हणायचा काही नाही. अगदी तोच आवाज. मी लांबच्या प्रवासाने आंबलेली असले तरी कान शाबूत होते.

'ती' कोण ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी चहा घेत होते आणि भिंतीतून गाणं यायला लागलं. बाईचा आवाज, सोबत पियानो, भाषा काही कळेना. आवाज फार मोठा नव्हता, फिरत तर अजिबात नव्हती, पण सूर असा लागलेला की मी कप खाली ठेवला.

"बाई गातायत," दादा म्हणाला.

"शेजारीण?"

"शेजारीण नाही गं. बाई."

मोठ्या गाणारणीला नुसतं 'बाई' म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि दादाने ती थेट जपानपर्यंत नेली होती. या बाई जपानच्या. स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच चाल लावतात, स्वतःच गातात. त्यांची गाणी म्हणे तिकडे घराघरात गेली. पोरी शाळेत जाताना गुणगुणायच्या, आणि त्या पोरींच्या आता आज्या झाल्या तरी गुणगुणतात. मला हा प्रकारच नवीन होता. आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा आणि गाणारा वेगळा, त्यामुळे गाणं पडलं तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय असते. इथे सगळं एकटीच्या डोक्यावर. धाडसाचं काम आहे, मी म्हटलं.

भिंतीपलीकडे रेकॉर्ड लावणारी ती किमिको-सान. 'सान' म्हणजे आपलं राव, ताई, बाई, भाऊ सगळं एकात, असं दादाने समजावलं. ती वहिनीची जुनी मैत्रीण. दोघींचं सूत भिंतीमुळेच जमलं. वहिनीने एकदा भिंतीवर थाप मारली, आवाज कमी करा म्हणून नव्हे, तेच गाणं पुन्हा लावा म्हणून. मग लिंबाचं लोणचं तिकडे गेलं आणि खारवलेले आंबट प्लम इकडे आले, ते मी खाऊन पाहिले. आपल्या मुरलेल्या आवळ्याचे चुलतभाऊ आहेत. वहिनीच्या शेवटच्या दिवसांत रोज दुपारी तिच्यापाशी किमिको-सानच बसायची, दादाला तासभर झोप मिळावी म्हणून. हे मला अश्विनीने फोनवर कधीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा नाव लक्षात राहिलं नव्हतं.

त्याच दिवशी ती भेटायला आली. लहानखुरी, पांढरे केस अगदी कानाच्या पाळीशी कापलेले, हातात डबा. डबा आपला स्टीलचा, कडीचा. वहिनीचं नाव त्यावर कोरलेलं मी ओळखलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. आमच्या वहिनीचा डबा हिच्या स्वयंपाकघरात काय करतोय? मग आत काय आहे ते पाहिलं. भाताचे त्रिकोणी मुटके, प्रत्येकाला काळ्या शेवाळाची पट्टी, आणि मधोमध वहिनीच्याच पद्धतीचं लोणचं. तिने अजून घालायचं सोडलं नव्हतं. मी दोन खाल्ले आणि डब्याबद्दल पुढे काही मनात आणलं नाही.

तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच, क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त. तिचा मुलगा व्हँकुव्हरला असतो. तो म्हणतो, आई, एकटी बर्फ कशाला उपसतेस, इकडे ये. व्हँकुव्हरला बर्फ कमी पडतो, पाऊस पडतो. "घर मागून विकलं जाईल, मी डिसेंबरात जाणार," ती म्हणाली आणि दादाकडे पाहिलं. दादा खिडकीतून बोर्डाकडे पाहत होता.

ब्रॅम्पटन

पेटीशिवाय मला करमेना. दादा म्हणाला, चल, ब्रॅम्पटनला मिळेल. बाहेर गाडी गोठलेली, ती खरवडायलाच आमचा अर्धा उत्साह गेला. मग मोठ्या रस्त्याला लागल्यावर दादा एकदम म्हणाला, "कुंदे, एक गाणं बसवून देशील?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. बाईंचं आहे. बोटीचं गाणं."

सीनियर सेंटरमध्ये दर गुरुवारी दुपारी कॅराओके असतं. म्हणजे यंत्र नुसतं संगीत वाजवतं, पडद्यावर शब्द येतात, आणि आपण माइक धरून गायचं. किमिको-सान दर गुरुवारी तिथे जाते. आता जायच्या आधी तिचा निरोपाचा गुरुवार ठरला होता आणि दादाला त्या दिवशी गायचं होतं.

"गाण्यात काय आहे?" मी विचारलं.

किमिको-सानने वहिनीला समजावलेला अर्थ दादाने समोर बघतच सांगितला. पहिल्या कडव्यात एक बाई धक्क्यावर उभी आहे, कुणाला तरी पोचवायला आलीय, बोट अजून दिसत नाही. दुसऱ्यात बोट दिसते. ती वाटेत खायला म्हणून संत्री घेते, पण हातात द्यायला विसरते. तिसऱ्यात बोटीचा भोंगा होतो, आणि ती म्हणते, बस जरा. एवढी संत्री सोलून होऊ देत. बोट काय, उद्याही आहे.

वायपर उगाचच काच पुसत होते.

"दादा," मी म्हटलं, "हे तिला सरळ सांगायला काय होतं? मध्ये एक भिंत तर आहे."

"सरळ कसं सांगणार? तिचा मुलगा बोलावतोय. आपण कोण? शेजारी. आणि अश्विनीला काय वाटेल, मराठी मंडळातल्या लोकांना काय वाटेल. गाण्यात कसं, बाई म्हणतायत. आपण आपलं गायलो."

शहात्तराव्या वर्षी माझ्या भावाला लाज वाटत होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला हसू आलं. हा माणूस वहिनीला मागणी घालायला गेला तेव्हाही पोहे खाऊन नुसताच परत आला होता. मागणी मग बाबांनी घातली.

"मग तिसरंच कडवं म्हण. थोडक्यात काम होईल."

"तिसरं असं कसं म्हणणार? आधी पहिलं म्हणायला नको?" दादा म्हणाला. हे मात्र मला पटलं, कारण मीही त्याच घरातली.

ब्रॅम्पटनच्या बाजारात उतरल्यावर मला वाटलं विमानाने गपचूप मागे फिरून आपल्याला अमृतसरला सोडलं. वाद्यांच्या दुकानात सरदारजींनी भिंतभर पेट्या लावलेल्या. तिकडे तिला वाजा म्हणतात. मी एक निवडली, भाता सैल होता पण सूर गोड.

"कीर्तन के लिए है, बहनजी?"

"नहीं भाईसाब," दादा म्हणाला, "जापानी गाने के लिए."

सरदारजींनी पापणीसुद्धा हलवली नाही. "बजेगा जी. इसमें सब बजता है."

तालीम

आता माझ्या कर्तृत्वाकडे येते.

दादाने गाणं मोबाइलवर ऐकवलं आणि पहिल्या ओळीलाच मी उठून बसले. मध्यम नाही, निषाद नाही. भूपच की हा! जपानी बाई आणि भूप. दादाचे डोळे चमकले. भूप म्हटल्यावर आमच्या घरातला माणूस गप्प कसा बसणार? आमचे बाबा नाटकातली पदं म्हणायचे, दादा त्यांच्या मांडीवर तयार झालेला, टोरांटोच्या मंडळात गणपतीत अजून त्याचं एक पद ठेवतात आणि ते संपेपर्यंत जेवणं थांबवतात.

दोन अडचणी होत्या. एक म्हणजे बाईंचा पियानो. आपला षड्ज कसा, एकदा लागला की घरच्या जोत्यासारखा जागच्या जागी. इथे खालचे सूर सारखे सरकतात, वर आपण उभे. हलत्या होडीत गाण्यासारखं वाटतं. मी पियानो काढूनच टाकला आणि पेटीवर षड्ज-पंचम धरला. दुसरी अडचण म्हणजे चाल फार साधी. कोरा चहा. मी म्हटलं, दादा, पहिल्या ओळीत धक्क्याचा जपानी शब्द येतो तिथे जरा थांब, गंधारावर. थांबलास की एक छोटी हरकत घे. हरकत घेतलीस की नुसता कसा परत येशील, एक पलटा घेऊन ये.

झालं. दोघा बहीणभावांना रान मोकळं मिळालं. रोज सकाळी नाश्ता झाला की आम्ही बसायचो. पहिली ओळ एका दिवशी अशी, दुसऱ्या दिवशी तशी. धक्क्यावरची ती बाई बिचारी ताटकळत उभीच होती. दादाचा आवाज या वयातही खणखणीत, आणि गंधारावरून धैवतावर जाताना तर मला बाबांची आठवण येऊन पेटीवरची पट्टी चुकायची. दुसरं कडवं उद्या करू, म्हणत आम्ही उठायचो. तिसरं दादाने पाठ केलंय म्हणून मी त्याची काळजीच केली नाही.

आम्ही सुरू झालो की भिंतीपलीकडची रेकॉर्ड बंद व्हायची.

"आपला त्रास होतोय वाटतं तिला," मी एकदा म्हटलं.

"जपानी आहे. तोंडावर बोलणार नाही," दादा म्हणाला आणि आवाज किंचित खाली आणला. दोन मिनिटांनी तो आपोआप वर गेला.

नॉर्थ यॉर्क

अश्विनीने जेवायला बोलावलं. तिचा काँडो, म्हणजे आपला फ्लॅट, इतका उंचावर, की खालच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात आणि खिडकी उघडतच नाही. तिने मला आवडतात म्हणून थालीपीठं केली होती. पोर गुणी आहे. फक्त तिचं मराठी भावना आली की संपतं आणि तिथून पुढे इंग्रजी लागतं.

दादा वॉशरूमला गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "आत्या, तू बाबाला समजाव ना. याच बिल्डिंगमध्ये एक युनिट आहे. तो या वयात ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल करतो. इफ ही स्लिप्स, हू विल नो?"

"किमिको-सानला कळेल," मी म्हटलं.

"ती जातेय ना पण. दॅट्स द पॉइंट." आणि मग हळूच, "मला माहितीय, आत्या. आय्म नॉट ब्लाइंड. पण आईचं घर आहे ते. आय डोन्ट नो हाऊ आय फील."

मलाही डब्याचं तसंच झालं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आणखी एक थालीपीठ मागितलं, त्यावर ती डोळे पुसत हसली.

गुरुवार

कॅराओकेच्या खोलीत आमच्यासारखीच पिकली पानं. जपानी, चिनी, फिलिपिनो, एक श्रीलंकेचे तमिळ आजोबा. शिस्त अशी, की नाव पुकारलं की उठायचं, गायचं, कमरेतून वाकून बसायचं. बाकीचे ठेक्यात टाळ्या देतात, पण मध्ये कुणी हूं की चूं करत नाही. एका आजींनी फार सुंदर जागा घेतली आणि मी सवयीने "वाऽ" केलं, तर पुढच्या रांगेतले दोघे दचकून मागे पाहायला लागले. त्यानंतर मी तोंडात आल्याची वडी धरून बसले.

दादाचं नाव पुकारलं. त्याने वहिनीने विणलेला स्वेटर घातला होता. पडद्यावर जपानी शब्द आणि खाली इंग्रजी अक्षरांत तेच. शब्द जसे गायचे तसे निळे होत जातात. वर आखलेल्या रेषा, आपला सूर त्यांना धरून चालला की यंत्र खूश. किमिको-सान पहिल्या रांगेत, हात मांडीवर.

दादाने पहिली ओळ उचलली. खोलीतल्या माना वर झाल्या. मग धक्का आला, आणि दादा गंधारावर थांबला.

यंत्र थांबलं नाही.

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पेटीवाली थांबते, तबलजी थांबतो, तानपुरा तर जन्मभर थांबतो. हे मात्र सरकारी कचेरीच्या घड्याळासारखं पुढे गेलं. दादाने हरकत घेतली, पडद्यावर दुसरी ओळ निळी झाली. दादाने पलटा घेतला, पहिलं कडवं संपलं. त्याचा सूर दाखवणारी रेष पडद्यावर वरखाली इतकी नाचली, की तमिळ आजोबा चष्मा पुसून बघायला लागले. टाळ्या देणाऱ्यांचा ठेका कुणाचा कुणाला मिळेना आणि एकेक जण थांबला. दादाचे डोळे मिटलेले. तो समेवर यायचा रस्ता शोधत होता आणि समच निघून गेली होती.

मी किमिको-सानकडे पाहिलं. ती दादाकडे बघतच नव्हती. पडद्यावर तिसरं कडवं आलं होतं. ते कुणी न गाता एकेक शब्द निळं होत गेलं आणि ती ते वाचत होती. शेवटचा शब्द निळा झाला. मग बिगूल वाजला आणि यंत्राने दादाला नापास केलं.

दादाने डोळे उघडले तेव्हा तो अजून धक्क्यावरच होता.

लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मला ते सोसवेना. सांगलीत आपला माणूस पडला की घरच्यांनी काय करायचं असतं, ते माझ्या रक्तातच आहे. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "वन्स मोअर!"

यंत्रापाशी बसलेल्या बाई तोंड अगदी लहान करून म्हणाल्या, "सॉरी, सो सॉरी, एकाला एकच गाणं. लाइन आहे." कॅनडात नकारसुद्धा इतक्या मायेने देतात की भांडता येत नाही. दादा वाकला आणि येऊन माझ्याशेजारी बसला. परत येताना गाडीत त्याने एकच वाक्य म्हटलं. "आता राहू दे, कुंदे."

त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. कोऱ्या चहात दूध, साखर, वेलची, जायफळ सगळं मीच घातलं होतं.

संत्री

शनिवारी सकाळी बर्फ पडून गेला होता. अश्विनी आली, काँडोतलं ते युनिट बघायला दादाला न्यायला. दादा निमूट कोट चढवत होता. त्याने नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पेटी कोपऱ्यात, भाता बंद.

दार वाजलं. किमिको-सान. अंगात जाड कोट, पायांत बूट, हातात संत्र्यांची लाकडी पेटी. डिसेंबर आला की तिकडच्या दुकानांत जपानी संत्र्यांच्या पेट्या येतात आणि लोक एकमेकांना भेट देतात. मला ते आधी ठाऊक होतं. तरी ही निरोपाची भेट, मी मनात म्हटलं.

तिने पेटी टेबलावर ठेवली. बूट काढले नाहीत, पायपुसण्यावरच उभी राहिली.

"साठे-सान," ती म्हणाली, "मी रोज सकाळी भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसले. रेकॉर्ड बंद करून. रोज पहिली ओळ. फार सुंदर पहिली ओळ. दुसऱ्या दिवशी परत पहिली ओळ." तिने जरा श्वास घेतला. "मी तिसऱ्या कडव्यासाठी थांबले होते. गुरुवारीपण थांबले. बुधवारी माझं विमान आहे."

अश्विनीने हातातल्या गाडीच्या किल्ल्या हळूच टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तिसऱ्यात काय आहे?"

मी तिच्या कानाशी दोन वाक्यांत अर्थ सांगितला. "आता ऐक," मी म्हटलं. मी कोपऱ्यातली पेटी ओढली आणि षड्ज धरला. तेवढाच. एका बोटाने. दुसरं बोट उचलायचं नाही म्हणून ते मी मांडीखाली दाबून ठेवलं, हे शपथेवर सांगते.

दादा कोट घालूनच उभा होता. त्याने तिसरं कडवं म्हटलं. ना हरकत, ना पलटा. बाईंनी बांधलं तसं, सरळ, एका ओळीवरून दुसरीवर. मध्ये एकदा आवाज फाटला तर त्याने तो सावरलाही नाही, तसाच पुढे नेला. भोंगा झाला. बस जरा. एवढी संत्री सोलून होऊ देत. जेमतेम मिनिटाचं काम होतं, ज्याला आम्ही इतके दिवस घालवले. शेवटचा सूर संपला आणि दादा जमिनीकडे पाहत राहिला. मला रडू येत होतं आणि दाद द्यायची सोय नव्हती.

किमिको-सानने वाकून बूट काढले. मग कोट काढला आणि वहिनीच्या कोटाच्या रिकाम्या खुंटीवर टांगला. ती खुंटी तिने विचारली नाही आणि कुणी दाखवलीही नाही. ती टेबलाशी बसली, पेटीतलं एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागली. इतकं सावकाश मी कुणाला संत्रं सोलताना पाहिलं नाही. प्रत्येक फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढत होती.

अश्विनी खुंटीकडे बघत बराच वेळ उभी होती. मग तीही खुर्ची ओढून बसली आणि पेटीत हात घातला. "बाबा, सिट डाऊन," ती म्हणाली. "कोट काढ आधी. युनिट काय, कॅन वेट."

परत

बुधवारचं विमान गेलं, त्यात किमिको-सान नव्हती. मुलाला तिने फोनवर काय सांगितलं ते जपानीत होतं, पण मध्येच हसली, त्यावरून बरंच असावं.

मी जानेवारीत निघाले तोवर बोर्ड हिरवळीवरच होता, फक्त दिसत नव्हता. रोज सकाळी दोघं आपापलं फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करायचे, आणि दोन्ही बाजूंचा सगळा बर्फ न चुकता त्या बोर्डावर टाकायचे. शेवटी दात दाखवणाऱ्या बाईंच्या केसांचा तेवढा शेंडा वर राहिला होता. "बोर्ड काढून का टाकत नाही?" मी विचारलं, तर दादा म्हणाला, "जमीन गोठलीय गं, निघत नाही," आणि किमिको-सानने अगदी गंभीरपणे मान हलवली.

परवा दादाचा फोन आला. तिकडे बर्फ वितळला. बोर्ड दोघांनी मिळून उपटला. भिंतीपलीकडून बाईंचं गाणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं, दार वाजलं, आणि तेच गाणं दादाच्या खोलीत कुणीतरी गुणगुणायला लागलं. मी म्हटलं, "काय रे, आता तरी पूर्ण बसलं का गाणं?"

"छे," दादा म्हणाला. "पहिल्याच ओळीवर आहोत अजून. घाई कसली आहे?"